डिस्कसची हिरवी टाकी : माल विकण्याआधी पाणी पाहा

शोभेच्या माशांच्या धंद्यात डिस्कसला राजा म्हणतात, आणि राजाला सांभाळणे सोपे नसते. ताटलीसारखा गोल आणि चपटा असा हा मासा सहा-सात इंचांपर्यंत वाढतो. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन खोऱ्याचा. हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज दुकानात दिसणारा माल मात्र बहुतेक पैदास केलेला असतो. मलेशियातील पेनांग आणि थायलंड ही त्याची मोठी ठिकाणे. आपल्याकडेही चेन्नई, कोलकाता, मुंबई येथे पैदास होते. याची पिल्ले जन्मानंतरचे पहिले काही दिवस आईबापाच्या अंगावरील चिकट स्राव खाऊन जगतात. त्यामुळे गप्पीसारखी हजारोंनी पैदास होत नाही आणि भाव चढा राहतो. तो इंचावर ठरतो.

आमच्या वाचकांत काचकाम करणारे, सुतार, वेल्डर, मटणवाले आणि क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी पक्षी-मासे विकणारे असे सर्व प्रकारचे लोक आहेत. डिस्कसच्या एका टाकीत या साऱ्यांच्या हाताला काम आहे. परंतु हीच टाकी घाईने भरून दिली तर महिन्याभरात मासे मरतात, गिऱ्हाईक पैसे परत मागते आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. म्हणून हा विषय थोडा तपशिलात घेत आहोत.

प्रथम पेटी. डिस्कसला उंची लागते. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच असे माप घ्यावे. हे बारा घनफूट झाले, म्हणजे सुमारे ३४० लिटर. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तीनशे लिटरच्या आसपास पाणी उरते. एका मोठ्या डिस्कसला पन्नास लिटर धरले तर सहा मासे बसतात. सातवा नको. या उंचीला काच १२ मि.मी.ची वापरावी आणि वर आडव्या पट्ट्या द्याव्यात. नुसत्या काचेचे वजन पंचाहत्तर किलोच्या घरात जाते. पाणी, वाळू धरून सव्वाचारशे किलोंचा भार स्टँडवर येतो. तेव्हा स्टँड लोखंडी अँगलचा असावा किंवा वॉटरप्रूफ प्लायचा, खाली उभे आधार दिलेला. पेटीखाली थर्माकोलची शीट घालावी, म्हणजे फरशीची किंवा फळीची किरकोळ उंचसखलता काचेला नडत नाही. सिलिकॉन घेताना बुरशीनाशक मिसळलेले, बाथरूमसाठीचे घेऊ नये. ते माशांना विषारी ठरते. जोड दिल्यावर आठवडाभर पेटी सुकू द्यावी, मग दोन दिवस पाणी भरून तपासावी. गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात गळती लागण्यापेक्षा आपल्या कारखान्यात लागलेली बरी.

आता खरी अडचण. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सियस ऊब लागते, तर टाकीतल्या बहुतेक वनस्पती २४-२६ अंशांत खूश असतात. यात माशाचे ऐकावे आणि ऊब सोसणारी झाडे निवडावीत. अॅमेझॉन स्वॉर्ड, अनुबियास, जावा फर्न ही तीन नावे पाठ असली तरी निम्मे काम झाले. मागे उंच व्हॅलिस्नेरिया लावता येते. अनुबियास आणि जावा फर्न वाळूत पुरू नयेत. त्यांचा आडवा कंद गाडला की कुजतो; दोऱ्याने लाकडाला बांधावेत. लाल पानांची नाजूक झाडे, ज्यांना कडक उजेड आणि वर गॅसचा सिलिंडर लागतो, ती या टाकीसाठी विकूच नयेत असे आमचे मत आहे. डिस्कसला प्रखर दिवा आवडत नाही, तो कोपऱ्यात दबून राहतो. सहा ते आठ तास मध्यम उजेड पुष्कळ.

तळाला बारीक, धुतलेली वाळू दोन इंच. संगमरवरी चिपा, शंख, प्रवाळ हे टाळावे, कारण त्यांनी पाणी जड होते आणि या माशाला हलके, किंचित आंबट पाणी मानवते. पीएच सहा ते सातच्या दरम्यान. लाकूड घालण्यापूर्वी काही दिवस भिजवून उकळून घ्यावे. तरी पाण्याला चहासारखा रंग येतो. गिऱ्हाईक कुरकुर करील, पण तो रंग निरुपद्रवी आहे.

मुंबईत तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे पाणी येते, ते बोअरच्या पाण्यापेक्षा पुष्कळ हलके. बोअरवर चालणाऱ्या वस्तीत मात्र आधी पाणी तपासावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन चोवीस तास हवा सोडून उडवता येते किंवा हायपोचे खडे वापरता येतात. हायपो म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओत वापरत तीच वस्तू.

पेटी भरली, झाडे लावली, फिल्टर सुरू झाला, म्हणजे मासे सोडायची वेळ झाली असे नव्हे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवीपर्यंत डिस्कस देऊ नये. डिस्कस मरण्याचे मोठे कारण हेच, आणि दोष मात्र माशाला दिला जातो. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला सहा आठवडे थांबवणे जड जाते. तरी आजचा गल्ला भरण्यासाठी उद्याचा गिऱ्हाईक मारू नये. जुन्या, चालू टाकीतला फिल्टरचा स्पंज दुकानदाराने दिला तर ही मुदत बरीच कमी होते.

माल निवडताना काय पाहावे? डोळा शरीराच्या मानाने लहान असावा. डोळा मोठा आणि अंग छोटे असले तर तो वाढ खुंटलेला मासा समजावा. आपल्यासमोर खातो का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. काळवंडलेला, कोपऱ्यात तोंड घालून बसलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा आतड्याच्या रोगाने पिडलेला असू शकतो. दीड-दोन इंचाच्या पिलावर मोठ्या माशासारखा भडक रंग दिसला तर संप्रेरके देऊन चढवलेला असण्याची शंका घ्यावी. तो रंग पुढे उतरतो. मालाचा ऐब माहीत असेल तर तो सांगून विकावा.

झाडांच्या टाकीत चार इंचांहून मोठे मासेच सोडावेत. लहान पिलांना दिवसातून चार-पाच वेळा खायला आणि भरपूर पाणीबदल लागतो, ते उघड्या तळाच्या टाकीत वाढवणे सोयीचे. सहाही मासे एकाच विक्रेत्याकडून, एकाच वेळी घ्यावेत आणि दोन ते चार आठवडे वेगळे ठेवून मगच टाकीत सोडावेत. सोबतीला कार्डिनल टेट्रा, रमीनोज आणि स्टर्बाय जातीचा कॉरिडोरस चालतो, कारण हे ऊब सोसतात. एंजल नको, तो खाणे हिसकावतो आणि रोगही आणू शकतो. गोल्डफिशचा तर प्रश्नच नाही, तो थंड पाण्याचा.

खाण्याविषयी एक बाब आमच्या मटणवाल्या बांधवांनी ध्यानात घ्यावी. जगभर डिस्कसला गुरांच्या हृदयाचा खिमा देण्याची जुनी रीत आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्या बंदीत नाही. तेव्हा येथे म्हशीचे हृदय वापरायचे. दुकानात मागताना 'दिल' म्हणावे, कलेजी नव्हे. चरबी, पांढऱ्या शिरा आणि पडदा पूर्ण काढून, बारीक दळून, पातळ वड्या गोठवून विकता येतात. कोलंबी आणि थोडी पालक घातली तर उत्तम. मात्र यानेच पाणी लवकर बिघडते. झाडांच्या टाकीत हा खिमा थोडाच द्यावा, उरलेला पाच-दहा मिनिटांत काढावा आणि आठवड्यातून दोनदा पाव हिस्सा पाणी, त्याच तपमानाचे, बदलावे.

पुण्या-नाशकाकडे हिवाळ्यात तीनशे वॉटचा हीटर अटळ आहे. वीज जाते तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप गिऱ्हाइकाच्या बिलात घालाच. ऊबदार पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, फिल्टर थांबला की काही तासांत मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागतात.

टाकी विकून एकदाच नफा मिळतो. पाणीबदल, काच पुसणे, झाडे छाटणे यांचा महिन्याचा करार केला तर दरमहा ठरलेली रक्कम येते, आणि मासे जगल्याने नावही राहते. घरातील मुलगा बादल्या वाहू शकत असेल तर या कामाला मोठे भांडवल लागत नाही. ज्यांना पैदासच करायची असेल त्यांनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत रंगीत माशांच्या संगोपन केंद्रांना खर्चाच्या चाळीस टक्के, आणि महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना साठ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. अर्ज घेणे चालू आहे की नाही आणि जागेचे कोणते कागद लागतात, हे तेथे विचारूनच टाक्या बांधायला घ्याव्यात.