आशिया नावाचा दगड

रात्री अंगणात बाज टाकून तुम्ही आकाशाकडे पाहता. सगळे आकाश रात्रभर सरकते, पण एका चांदणीचे दुसरीपासूनचे अंतर बदलत नाही.

दावणीला दहा जनावरे आहेत. त्यांत एक परके वासरू येऊन उभे राहिले, तर मालकाला ते लगेच ओळखू येते. आकाश पाहणाऱ्यांचेही तसेच. त्यांच्याजवळ चांदण्यांचा नकाशा असतो. नकाशात नसलेली चांदणी दिसली, आणि दुसऱ्या रात्री ती जागा सोडून सरकली, की समजावे, ही चांदणी नव्हे.

सन १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेत असेच झाले. वेधशाळा म्हणजे दुर्बिणीतून आकाश पाहण्याची जागा. (मद्रासला आता चेन्नई म्हणतात.) तेथले मुख्य नॉर्मन पॉगसन त्याच वर्षी विलायतेहून आले होते. त्यांच्या हाताखाली आपली माणसेही रात्री जागत. चिंतामणी रघुनाथाचारी त्यांपैकी एक. १७ एप्रिलला पॉगसन साहेबांना असा सरकता ठिपका सापडला. तो लघुग्रह होता. लघु म्हणजे लहान. मंगळ आणि गुरू यांच्या वाटांच्या मधे असे लाखो दगड सूर्याभोवती फिरतात. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून नाव आशिया. क्रमांक ६७.

खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरताना आम्ही लहानपणी पाहिली आहे. आतल्या बैलाचा फेरा लहान, बाहेरच्याचा मोठा. पृथ्वी आतल्या बाजूला. तिचा फेरा वर्षात होतो. आशियाला पावणेचार वर्षे लागतात. त्याची वाट मात्र अगदी गोल नाही, जराशी लांबट आहे. सूर्यापासून तो कधी सुमारे ३० कोटी किलोमीटर, तर कधी ४३ कोटी. जवळ असला की जोरात पळतो, लांब गेला की रेंगाळतो. अंगाने म्हणाल, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ५५ ते ६० किलोमीटर. धाराशिवहून निघून सोलापूर जवळजवळ गाठावे, एवढाच. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही.

पण एकदा दिसला म्हणजे झाले, असे नाही. या पट्ट्यातला पहिला सापडला तो सीरिस. १८०१ साली सिसिली बेटावर पियाझी यांनी तो पाहिला, आणि थोड्याच दिवसांत तो सूर्याच्या उजेडात हरवला! हातात राहिल्या काही रात्रींच्या नोंदी. जर्मनीतील गाउस या २४ वर्षांच्या तरुणाने त्यांवरून पुढची वाट गणिताने काढली. वर्षअखेर सीरिस पुन्हा सापडला. नोंदी नसत्या तर गेलाच होता.

एवढी खटपट कशाला, असे आम्हांला पुष्कळ जण विचारतात. बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे ना? अंतराळातला दगड आदळून तो खड्डा पडला. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. कोणता दगड आपल्याकडे येईल नि कोणता नाही, हे वाट मोजल्यावरच कळते. आशियाची वाट मोजलेली आहे. तो पृथ्वीच्या वाटेला येत नाही.