उन्हाळ्याचे सामान्यज्ञान, सूरजागडच्या तोंडून

मे महिना लागला की सुट्टीतल्या पोरांच्या हाती सामान्यज्ञानाची पुस्तके येतात. महाराष्ट्रातील अतिउष्ण शहर कोणते? चंद्रपूर. उत्तर बरोबर. एक गुण पदरात पडला, पान उलटले.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराभोवतीच्या गावांत मात्र उन्हाळ्याचे प्रश्न निराळे असतात. मोहफूल कोणत्या वेळी वेचावे? नदी आटल्यावर पाणी कुठे खणावे? पहिला आंबा कधी खावा? इथे उत्तर चुकले तर गुण जात नाही, वर्षभराचे गणित बिघडते. चला तर, दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहू.

भूगोल : सावली कुठे गेली?

चंद्रपूर-गडचिरोलीचे ऊन म्हणजे डोक्यावर निखारा ठेवल्यागत. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे दुपारी गार वारा नाही. आभाळ निरभ्र, जमीन कोरडी, अन् वारा वाहतो तोही वायव्येकडचा, तापलेला. त्यातून मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य या भागाच्या ऐन माथ्यावर येतो. उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. परतीच्या वाटेवर जुलैत तो पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

नद्यांचेही तसेच. एटापल्लीची बांडिया असो की भामरागडजवळ एकत्र येणाऱ्या पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती, पावसाळ्यात त्यांच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क अनेकदा तुटतो. उन्हाळ्यात मात्र लहान नद्यांच्या पात्रात वाळू उघडी पडते. तीत हातभर खणले की पाणी झिरपते. हाच झिरा. म्हणजे इथला उन्हाळा नुसता सोसायचा नसतो, पावसाळ्याची बेगमीही याच दिवसांत करायची असते.

आहार : रानातली बँक

बेगमीची सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये मोहाने होते. मोहाचे फूल तोडत नाहीत. ते रात्रीतून, पहाटेपर्यंत आपोआप गळते. म्हणून उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली जायचे. अस्वलालाही मोहफूल प्रिय, तेव्हा एकट्याने जाऊ नये, हे इथल्या लेकराला शाळेत जाण्याआधी ठाऊक असते. झाडाखालचा पाला पेटवला की वेचणे सोपे जाते, पण ती आग आवरली नाही तर वणवा होतो. त्यापेक्षा पाला झाडून काढलेला बरा.

वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. मोह म्हटले की शहरातल्या माणसाला फक्त दारू आठवते. रानातल्या माणसाला भाकर, लाडू, जनावराचा चारा आणि अडीअडचणीचा पैसा आठवतो. फुलानंतर फळ, फळातली बी, बियांचे तेल. चारोळी, टेंभराची फळे, आंबा ही पुढची रांग. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांच्या संकलनावरचे आणि साठवणुकीवरचे निर्बंध उठवले, त्याचे मोल म्हणूनच मोठे.

मे महिना तेंदूपत्त्याचा. एका पुडक्यात ७० पाने, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे गोणीमागे ७० हजार पाने! पहाटे तोडायची, घरी आणून जुळवायची, बांधायची अन् सायंकाळी फळीवर न्यायची. दोन-तीन आठवड्यांच्या या कामावर कित्येक घरांची पावसाळ्याची उधारी फिटते. रानात जाताना सोबत तुंब्यात भरलेली आंबील. आंबट, पातळ, पोटाला गार.

आणि आंबा? ‘मरका पंडुम’ होईपर्यंत नवा आंबा खायचा नाही, असा माडिया-गोंडांचा रिवाज. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. कोवळे फळ झाडावर राहते, पिकते, बी धरते. सणाच्या पोटी केवढे शास्त्र दडले आहे, पाहा.

इतिहास : डोंगराचे दोन पत्ते

१८५८ चा उन्हाळाही या मुलखाला विसरता येत नाही. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांनी त्या मार्चपासून इंग्रजांविरुद्ध उठाव केला. एप्रिलअखेरीस प्राणहितेकाठच्या तार खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्यात फाशी देण्यात आले.

इंग्रजांचे लक्ष पुढे इथल्या लोखंडाकडे वळले. चांदा जिल्ह्यातील लोहखनिजावरचा १८८२ चा श्वार्त्झ यांचा अहवाल जमशेटजी टाटांनी वाचला. परंतु वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही आणि तो बेत राहून गेला. सूरजागडच्या खनिजाला २००७ मध्ये खाणपट्टा मिळाला, क्षेत्र सुमारे ३४८ हेक्टर. २०२१ पासून उत्खननाला वेग आला. त्यातून रोजगार आला, ट्रक आले, धूळही आली.

आता पुस्तक विचारते, सूरजागड कशासाठी प्रसिद्ध? उत्तर : लोहखनिज. भोवतालच्या ७० गावांचे उत्तर आहे, ठाकूरदेव. दर जानेवारीत त्यांची यात्रा याच डोंगरावर भरते. नकाशावर दोन्ही पत्ते एकच, हीच तर अडचण आहे. तोडलेल्या झाडाबदली रोप लावता येते, पण मोहाला बहर यायला आठ-दहा वर्षे तरी जातात. तेवढे उन्हाळे त्या घराने काय वेचायचे?

म्हाताऱ्यांचा शब्द, कायद्याचा पुरावा

पुस्तकाबाहेरचे हे ज्ञान कायद्याच्या कामी येते का? येते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हा एक पुरावा मानला आहे. कोणती झाडे कोण वेचत आले, पाणी कुठे, देव कुठे, हे आजोबा सांगतात आणि नातू लिहून घेतो, तो कागद दाव्याला जोडता येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटातून आधी आपले जंगल समजून घेतले. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला.

तेव्हा पालकहो, यंदाच्या सुट्टीत पोरांना एक कोरी वही द्या. पहिला प्रश्न : आपल्या गावाच्या शिवारात मोहाची झाडे किती? उत्तर पाठ करायचे नाही. भल्या पहाटे आजीसोबत जाऊन मोजायचे अन् तारीख टाकून लिहायचे.