मचाण तेच, नेम वेगळा

लक्ष्मीबाई नगरातून हौज खासचे डिअर पार्क जवळच आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे मुले जाळीला नाक लावून उभी असतात आणि प्रत्येकाचा शोध एकच असतो, सगळ्यात मोठ्या शिंगांचा चितळ कुठे आहे? जगभरचे शिकारी हेच शोधत आले आहेत. दिल्लीचे तर काही विचारूच नका. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने इथल्या रिजवर शिकारीसाठी बांधलेला मालचा महल आजही झाडोऱ्यात उभा आहे. ज्या टेकड्यांवर आपण सकाळी फिरायला जातो, तिथे एकेकाळी बादशहा हरणांच्या मागे घोडे फेकत होता.

पण घोड्यावरून पाठलाग करणे वेगळे आणि झाडावर बसून वाट पाहणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे मचाण म्हणतात. भारतात मचाणावरून शिकार बंद झाली, अमेरिकेत ती आजही जोरात चालते, तीही धनुष्यबाणाने. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे नवीन नाही. ऑफिसातला एखादा सहकारी नोव्हेंबरमध्ये अचानक आठवडाभर रजा टाकतो आणि परतल्यावर डब्यात हरणाचे मांस आणतो.

तो ज्याच्या मागे गेलेला असतो, ते पांढऱ्या शेपटीचे हरीण. घाबरले की शेपटी उभी करून पळते आणि खालचा पांढराशुभ्र भाग निशाणासारखा फडकतो, म्हणून हे नाव. त्याचा पाच-सहा वर्षांचा नर म्हणजे मोठा हुशार प्राणी. लहान नर उघड्यावर चरताना सहज दिसतात. हा मात्र दिवसभर गच्च झाडीत पडून राहतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. नोव्हेंबरमध्ये माजावर आल्यावर तेवढा तो माद्यांच्या मागे दिवसाढवळ्या फिरतो. शिकाऱ्याची रजा नोव्हेंबरमध्ये का असते, ते आता लक्षात आले असेल.

नवख्याची नजर शिंगांवर जाते, जाणकाराची अंगावर. मान जाड होऊन छातीत मिसळलेली, पोट थोडे ओघळलेले आणि त्यामुळे पाय आखूड वाटणारे, म्हणजे नर पूर्ण वयात आलेला. शिंगे फसवी असतात. ती दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्याने फुटतात. चांगले खायला मिळाले तर तरण्या नरालाही भरघोस येतात.

शिकारी साधारण पंधरा-वीस फूट उंचीवर, खोडाला बांधलेल्या छोट्याशा बैठकीवर बसतो. अंगाला पट्टा आणि पट्ट्याची दोरी झाडाला. या शिकारीतले मोठे अपघात बाणाने होत नाहीत, झाडावरून पडून होतात. उंचावर बसायचे ते हरणाच्या नजरेत येऊ नये म्हणून, पण खरा शत्रू वारा. हरणाचे नाक इतके तीक्ष्ण की वारा शिकाऱ्याकडून हरणाकडे वाहू लागला, की दिवस वाया गेलाच म्हणून समजा. त्यात उतारावरची हवाही बदलत राहते. ऊन चढले की ती वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली वाहते. म्हणून सकाळची बैठक एका झाडावर आणि संध्याकाळची दुसऱ्याच झाडावर असते.

बंदुकीने शंभर-दीडशे मीटरवरून काम भागते. धनुष्याला हरीण वीस-पंचवीस मीटरच्या आत यावे लागते. इतक्या जवळ की त्याने पान चघळल्याचा आवाज ऐकू येतो. धनुष्य ओढायचे तेही त्याचे डोके एखाद्या खोडाआड गेल्यावरच. ते आडवे उभे असेल किंवा थोडे पाठमोरे असेल तरच बाण सोडायचा, म्हणजे तो पुढच्या पायामागून थेट फुफ्फुसात जातो आणि जनावर फार तडफडत नाही. समोरून येत असेल, मध्ये फांदी असेल, मन जरा जरी साशंक असेल, तर हात खाली. बाण लागल्यावरही लगेच उतरून धावायचे नसते. निदान अर्धा तास थांबायचे, मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा. घाईने पाठलाग केला तर जखमी हरीण कोसभर पळून कुठेतरी मरते आणि सापडत नाही. असे झाले की चांगला शिकारी रात्रभर झोपत नाही. कित्येकजण तर अख्ख्या हंगामात एकही बाण सोडत नाहीत.

हे वाचून मराठी घरात पहिला प्रश्न येणार, ‘पण मारायचेच कशाला?’ प्रश्न रास्त आहे. तिकडचे उत्तर असे की 1900 च्या सुमारास बेसुमार शिकारीने हे हरीण काही लाखांवर आले होते. मग हंगाम ठरले, परवाने आले, एका परवान्यावर किती हरणे मारायची ते ठरले. विस्कॉन्सिन राज्याने 1934 मध्ये फक्त धनुष्याचा वेगळा हंगाम सुरू केला. 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. पुढे धनुष्यबाणही त्यात आले. आज ही हरणे सुमारे तीन कोटी आहेत. लांडगे आणि प्यूमा बहुतेक राज्यांतून गेले, त्यामुळे हरणे बागा फस्त करतात आणि रस्त्यावर मोटारींना धडकतात. शिकारी नसतील तर त्यांना आवरणार कोण, असा त्यांचा सवाल आहे. मला यातला हिशोब पटतो. भिंतीवर मुंडकी टांगण्याची हौस मात्र पटत नाही.

आपण दुसरा रस्ता धरला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. त्याआधीचा महाराष्ट्र काही अहिंसक नव्हता. राधानगरीचे दाजीपूर हे कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होते आणि त्याच कोल्हापुरात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडले जात. व्यंकटेश माडगूळकरांनाही शिकारीचा नाद होता. पुढे तेच वही-पेन्सिल घेऊन नागझिऱ्याच्या जंगलात राहिले आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले.

मचाण मात्र मोडले नाही. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाट, नागझिरा अशा जंगलांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर सामान्य माणसे बसतात आणि पाण्यावर आलेल्या जनावरांची नोंद करतात. ही रात्र मुद्दाम निवडलेली आहे. वैशाखात बहुतेक ओढे आटलेले असतात, म्हणून उरलेल्या पाण्यावर जनावरांना यावेच लागते. त्यात पौर्णिमेचे चांदणे, त्यामुळे विजेरी लागत नाही. पूर्वी हीच प्राणीगणना समजली जाई. आता वाघांची मोजणी कॅमेरा ट्रॅपने होते आणि पौर्णिमेच्या रात्रीला निसर्गानुभव म्हणतात. शास्त्र म्हणून तिचे वजन कमी झाले असेल, माणसाला गप्प बसवण्याची तिची ताकद कमी झालेली नाही.

नियम ऐकले तर ते अमेरिकन शिकाऱ्याचेच वाटतील. मातकट किंवा हिरवे कपडे, अत्तर नाही, डिओडरंट नाही, मोबाइल बंद, कुजबुजही नाही आणि सकाळी गाडी न्यायला येईपर्यंत खाली उतरायचे नाही. संध्याकाळी आधी मोर येतात, मग डुकरे चिखलात लोळून जातात. चितळांचा कळप पाण्याजवळ येऊन दहा वेळा माघारी फिरतो. अंधारात कुठूनतरी ‘पोंक’ असा खणखणीत आवाज येतो. ते सांबर. त्याने असा इशारा दिला की जवळपास वाघ किंवा बिबट्या असण्याची शक्यता मोठी. सांबराचा पूर्ण वाढलेला नर अडीचशे किलोच्या वर भरतो आणि तरीही पाचोळ्यावरून चोरपावलांनी येतो. शेजारी बसलेल्याचा श्वास ऐकू येतो, त्याचे पाऊल नाही.

शेतकऱ्याचे मचाण मात्र वेगळ्याच कामाचे. त्याला गावाकडे माळा म्हणतात. विदर्भात जंगलालगतच्या शेतात हरभरा, तूर उभी असली की माणूस माळ्यावर रात्र काढतो, हातात गोफण किंवा पत्र्याचा डबा. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत शेत साफ करतात. नुकसानभरपाई आहे, पण पंचनामा, कागद, हेलपाटे हे सगळे आले. शहरात बसून ‘हरणे वाचवा’ म्हणणे सोपे आहे, कारण त्यांच्या चाऱ्याचे बिल माळ्यावरचा माणूस भरतो. कायद्यात पिकांची नासाडी करणाऱ्या काही जनावरांसाठी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीची तरतूद आहे, तरी ती परवानगी आणि माळ्यावरची रात्र यांत बरेच अंतर आहे.

दिल्लीलाही हा प्रश्न चुकलेला नाही. डिअर पार्कमध्ये सुरुवातीला आणलेली मोजकी चितळे वाढत वाढत सहाशेच्या आसपास गेली. कुंपणात ना वाघ, ना शिकारी. 2023 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने पार्कची मान्यता रद्द केली. हरणे राजस्थानच्या जंगलांत हलवायचे ठरले, काही हलवलीही, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माणसांच्या हातून खायची सवय लागलेले चितळ वाघाच्या रानात किती टिकणार, हा त्यातला खरा मुद्दा. मुलांना जाळीपाशी उभे करून हेही सांगायला हरकत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रात जाणार असाल तर बुद्धपौर्णिमेच्या आधी काही आठवडे वनविभागाच्या सूचनांवर लक्ष ठेवा. जागा मोजक्या असतात, शुल्क आणि वयाची अट ठिकाणाप्रमाणे बदलते. पाणी भरपूर न्या, कारण विदर्भातल्या मे महिन्यात मचाणाची फळी रात्री उशिरापर्यंत गरम असते. आणि भल्या मोठ्या शिंगांचा सांबर पाहायचाच असा हट्ट धरू नका. त्या दिवसांत अनेक नरांची शिंगे नुकतीच गळालेली असतात आणि चांदण्यात पाण्यावर येतो तो मखमली कातड्याने झाकलेले दोन खुंट डोक्यावर घेऊन.