न दिसणारा प्रकाश साध्या कॅमेऱ्याला कसा दाखवतात?

टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनवर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. डोळ्यांना न दिसणारा तो इन्फ्रारेड प्रकाश असतो, साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा.

पण कॅमेऱ्याची ही करामत फार पुढे जात नाही. त्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि १,१०० नॅनोमीटरच्या पलीकडे सिलिकॉन जवळजवळ आंधळा होतो, कारण तिथल्या फोटॉनची ऊर्जा कमी पडते. पंचाईत अशी, की खरी उपयोगी माहिती त्याच्याही पुढे आहे. मिथेन वायू ३,३०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, म्हणजे गळती शोधायची तर तिथे पाहायला हवं. त्यासाठीचे खास सेन्सर महाग असतात. शिवाय स्वतःच्याच उष्णतेने चित्र खराब होऊ नये म्हणून त्यातले अनेक कडक गारठ्यात ठेवावे लागतात.

मग सेन्सरऐवजी प्रकाशच बदलला तर?

लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकात इन्फ्रारेड प्रकाशासोबत तीव्र लेझर सोडला, की दोन फोटॉन मिळून एक नवा फोटॉन तयार होतो. त्याची ऊर्जा दोघांच्या बेरजेइतकी. ३,००० नॅनोमीटरचा प्रकाश आणि १,०६४ नॅनोमीटरचा लेझर मिळून ७८५ नॅनोमीटरचा प्रकाश देतात. आकडा घटला, कारण ऊर्जा वाढली की तरंगलांबी कमी होते. हा प्रकाश सिलिकॉन आरामात टिपतो. मूळ फोटॉन कुठल्या दिशेने आला ही खूणही नव्या फोटॉनसोबत जाते, म्हणून नुसता उजेड नाही, अख्खं चित्र पलीकडे पोहोचतं.

ऊर्जेच्या या बेरजेची पहिली झलक १९६१ मध्ये पीटर फ्रँकेन यांनी क्वार्ट्झमध्ये दाखवली. गंमत म्हणजे पुराव्याचा तो पुसट ठिपका छपाईत डाग समजून पुसला गेला. शोधनिबंधातला बाण आजही रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो! १९६८ मध्ये मिडविंटर यांनी अशा पद्धतीने इन्फ्रारेड चित्र दृश्य प्रकाशात आणलं. मात्र बदललेला प्रकाश अगदीच थोडा असायचा. २०१२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ३,००० नॅनोमीटरजवळ २० टक्के फोटॉन बदलून दाखवले, तेही खोलीच्या तापमानाला.

अडचण उरतेच. स्फटिकातल्या लाटांची पावलं जुळावी लागतात आणि ती एका वेळी ठरावीक तरंगलांब्यांसाठीच जुळतात. ताप मोजणारे थर्मल कॅमेरे मात्र वेगळ्या तंत्रावर चालतात. शरीराची १०,००० नॅनोमीटरच्या आसपासची उष्णता लिथियम नायोबेटमधून आरपार जातच नाही.