रांजणगावची फियाट: लोगो गेला, इंजिन मात्र घरोघरी पोचलं



वढू बुद्रुकहून कोरेगाव भीमाला या, नगर रोड पकडा. सणसवाडी, शिक्रापूर मागे पडलं की पुढे रांजणगाव. महागणपतीचं रांजणगाव. तिथल्या एमआयडीसीत फियाटचा मोठा कारखाना आहे. मग प्रश्न असा, की कारखाना आपल्या शिरूर तालुक्यात असून शोरूममध्ये नवी फियाट का मिळत नाही? आजचा एपिसोड त्यावरच.

सुरुवात कुठून झाली?

फियाटचा जन्म 1899 चा, इटलीतल्या तोरिनो शहरात. फाब्रिका इतालियाना आउतोमोबिली तोरिनो, म्हणजे तोरिनोचा इटालियन मोटार कारखाना. यातली पहिली अक्षरं घेतली की झालं फियाट. 1923 साली त्यांनी तोरिनोत लिंगोत्तो नावाचा कारखाना सुरू केला. गाडी एकेक मजला वर चढत तयार व्हायची आणि तिची टेस्ट थेट गच्चीवरच्या ट्रॅकवर व्हायची!

आपल्याकडे कशी आली?

सोलापूरचे वालचंद हिराचंद, ज्यांच्या नावाने आपल्याच जिल्ह्यात वालचंदनगर आहे, त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ आणि मग फियाट बनू लागली. 1964 पासून आलेली 1100 डी म्हणजे आपल्या आजोबांची ‘फियाट’. 1089 सीसीचं इंजिन आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. हीच गाडी सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून गाजली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली.

मग काय बिघडलं?

1996 ला उनो आली. बुकिंगला झुंबड उडाली, पण गाड्या वेळेवर हातात पडल्या नाहीत. तिथे पहिला विश्वास गेला. 2001 मध्ये पॅलिओ आली, जाहिरातीत साक्षात सचिन तेंडुलकर! गाडी दणकट, रस्ता घट्ट धरणारी. पण सर्व्हिस कुठे करायची, पार्ट मिळतील का, विकताना भाव येईल का, ही धाकधूक लोकांच्या मनातून गेली नाही.

पुढे टाटांशी भागीदारी झाली. रांजणगावला दोघांच्या गाड्या बनू लागल्या. 2009 मध्ये लिनिया आणि ग्रँडे पुंटो आल्या. त्या टाटांच्या शोरूममधून विकल्या जायच्या. एकाच छताखाली दोन ब्रँड म्हटल्यावर पाहुण्याकडे कोण किती लक्ष देणार? नंतर फियाटने स्वतःची शोरूम काढली, पण तोवर उशीर झाला होता.

पण इंजिनाचं काय?

खरी गंमत इथे आहे. फियाटचं 1.3 लिटर मल्टीजेट डिझेल इंजिन इतकं चाललं, की गाडीवाले त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. मारुतीने परवाना घेऊन ते मानेसरला बनवलं आणि स्विफ्ट, डिझायर, अर्टिगात बसवलं. टाटांनी इंडिका व्हिस्टा आणि मांझात घातलं. मागणी इतकी, की 2012 मध्ये मारुतीने फियाटकडूनही वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घ्यायचा करार केला. म्हणजे ज्याने फियाट कधी घेतली नाही, त्याच्याही दारात फियाटचं इंजिन उभं होतं!

एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे कडक नियम आले. छोटं डिझेल त्यात बसवायचा खर्च परवडेना, म्हणून ते इंजिन थांबलं. पुंटो आणि लिनियाही त्याच सुमारास संपल्या.

आज रांजणगावात काय?

कारखाना बंद पडला नाही. 2017 पासून तिथे जीप कंपास बनते आणि उजव्या स्टिअरिंगची कंपास तिथून परदेशातही गेली. टाटा नेक्सॉनही तिथलीच. फियाट स्वतः 2021 पासून स्टेलांटिस या मोठ्या समूहात आहे.

यातून आपण काय घ्यायचं? नुसती चांगली गाडी बनवून भागत नाही, ती विकल्यानंतर सांभाळणारं कुणीतरी लागतं. सेकंड हँड पुंटो किंवा लिनिया स्वस्तात मिळतेय म्हणून लगेच उडी मारू नका. आधी जवळपास तिचं काम जाणणारा मेकॅनिक शोधा. डिझेल असेल तर इंजिनाचं काम करणारे सापडतील, कारण तेच इंजिन स्विफ्टमध्ये होतं. बंपर, हेडलाइट, दरवाजे मात्र फक्त तिचेच. ते कुठे आणि कितीला मिळतात, हे विचारूनच टोकन द्या.

तुमच्या घरी कुणाकडे पद्मिनी, उनो किंवा पॅलिओ होती का? घरच्यांना विचारा, आठवणी भरपूर निघतील. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर गाडी जपून चालवा!