छप्पर म्हातारं झालं, हे कशावरून ओळखायचं?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना घराच्या छपराची आठवण सहसा दोनदाच होते. घर विकायला काढलं की, नाहीतर गारपिटीनंतर क्लिपबोर्ड घेऊन कुणी दारात उभा राहिला की. एरवी वर्षानुवर्षं कुणी मान वर करून बघत नाही. त्यामुळे डांबरी शिंगलच्या छपराबद्दल ऐकीव माहितीच फार. तिच्यापायी काहीजण धडधाकट छप्पर उपसून टाकतात, तर काहीजण आतून कुजलेल्या छपराखाली निवांत झोपतात.

सगळ्यात पक्का समज वॉरंटीचा. 'तीस वर्षांची आहे, म्हणजे तीस वर्षं बघायला नको!' ही वॉरंटी मुख्यतः शिंगल बनवताना राहिलेल्या दोषांची असते. ऊन-पावसानं होणाऱ्या झिजेची नव्हे. शिवाय वर्षं सरतील तशी भरपाईची रक्कमही बहुधा घटत जाते. प्रत्यक्षात साधं थ्री-टॅब शिंगल १५ ते २० वर्षं टिकतं, जाड आर्किटेक्चरल २५ ते ३०. हाही अंदाजच, कारण सगळं छप्पर एकदम म्हातारं होत नाही. दक्षिणेकडचं पाखं दिवसभर ऊन खातं आणि उत्तरेकडच्या पाख्याच्या कितीतरी आधी वाळून जातं. छपराखालच्या अटिकमध्ये हवा खेळत नसेल, वळचणीखालची भोकं इन्सुलेशननं बुजली असतील, तर शिंगल वरून तापतं तसं खालूनही भाजून निघतं.

वयाला अगदीच किंमत नाही असं मात्र नव्हे. विमा कंपन्या ते विचारतातच. फ्लोरिडात तर २०२२ मध्ये कायदा करावा लागला, की १५ वर्षांच्या आतलं छप्पर असेल तर निव्वळ त्याच्या वयावरून विमा नाकारता येणार नाही.

मग बघायचं काय? कच. शिंगल म्हणजे फायबरग्लासचा पातळ थर, त्याला डांबराचा लेप आणि वर दगडाची रंगीत कच. डांबराला ऊन सोसत नाही. ते कडक होतं, आक्रसतं, तडकतं. त्याला उन्हापासून वाचवते ती ही कच. पन्हळीचा पाइप जिथे खाली जमिनीवर सुटतो, तिथे पावसानंतर हात घालून बघा. जाड वाळूसारखे रंगीत दाणे लागतील. छप्पर नवंकोरं असेल तर घाबरू नका, कारखान्यात जास्तीची लागलेली कच पहिल्या काही महिन्यांत धुऊन जातेच. पण अठरा वर्षांच्या छपराखाली मूठभर कच मिळाली, आणि वर दुर्बिणीतून काळे, तुकतुकीत टक्कल पडलेले पट्टे दिसले, तर त्या पाख्याचे दिवस भरत आले आहेत. कडा वर वळलेल्या, मधे भेगा, वाऱ्यानं उडालेले तुकडे ही पुढची पायरी. हे सगळं जमिनीवरूनच बघावं. वाळलेल्या छपरावर चालत गेलात, तर पायाखाली आणखी कच निसटते आणि तुम्हीही घसराल.

आता उलटी गोष्ट. छपरावर काळे ओघळ दिसले की लोक हबकतात, 'छप्पर सडलं' म्हणतात. ते ओघळ बहुतेक वेळा ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाच्या सूक्ष्मजीवाचे असतात. डांबरात मिसळलेल्या चुनखडीच्या भुकटीवर तो पोसतो आणि दमट हवेत, सावलीच्या बाजूला फोफावतो. दिसायला वाईट, पण छप्पर काही त्यानं गळत नाही. पातळ केलेल्या ब्लीचनं हलक्या हातानं धुवावं, झाडांवर आधी पाणी मारावं. प्रेशर वॉशरवाल्याला मात्र वर चढू देऊ नका. काळेपणाबरोबर तो कचही उडवून देतो. हिरवं, गुबगुबीत शेवाळ ही वेगळी बाब आहे. ते ओल धरून ठेवतं आणि शिंगलच्या कडा उचलतं, त्याकडे काणाडोळा नको.

'गळत नाही ना? मग उत्तम!' आणि 'गळतंय? मग नवीन टाका!' ही दोन्ही वाक्यं तितकीच फसवी. गळती पुष्कळदा शिंगलमधून नसतेच. चिमणीभोवतीचा पत्रा सुटलेला असतो, दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ बिघडलेली असते, किंवा बाथरूमचा व्हेंट पाइप छपरातून बाहेर येतो तिथली रबराची कॉलर उन्हानं फाटलेली असते. ती कॉलर बदलायला काहीशे डॉलर लागतात, नव्या छपराला हजारो. कधीकधी तर पाणी पावसाचं नसतंच. बाथरूमचा पंखा वाफ थेट अटिकमध्ये सोडत असतो आणि थंडीत ती खिळ्यांवर गोठून मग ठिबकते. याउलट, वरचं पाणी प्लायवूड पिऊन घेत असेल, तर छतावर डाग उमटायला कितीतरी काळ जातो. म्हणून वर्षातून एकदा टॉर्च घेऊन अटिकमध्ये जावं. लाकडावर काळे डाग, मऊ पडलेलं प्लायवूड, फटीतून आलेला उजेड दिसला, तर तो खरा निरोप. बाहेरून आढ्याची रेघ मधेच खचलेली दिसली, तर मग थांबूच नये.

कोकणात वाढलेल्यांना दर पावसाळ्याआधी फुटकी कौलं तेवढी बदलायची सवय. शिंगलचं तसं नाही. उन्हात तापून ते खालच्या ओळीला चिकटतं. जुनं, ठिसूळ झालेलं शिंगल डागडुजीसाठी उचलायला गेलं की शेजारची चार तुटतात. नव्या छपरात सुटं शिंगल बदलावं, म्हाताऱ्यात त्याचा उपयोग नाही. 'जुन्यावरच नवीन थर टाकू, पैसे वाचतील' हाही मोह होतो. अमेरिकेतली बांधकाम नियमावली साधारणपणे दोनच थर चालवून घेते, आणि खालचं भिजलेलं असेल तर तेही नाही. शिवाय कुजलेलं लाकूड त्या थराखाली तसंच झाकलं जातं.

राहिला दारावरचा क्लिपबोर्डवाला. 'इन्शुरन्स देईल, तुम्हाला फुकटात पडेल.' विमा गारांच्या आणि वाऱ्याच्या नुकसानीचा असतो, म्हातारपणाचा नाही. डिडक्टिबल, म्हणजे दाव्यात तुमच्या खिशातून जाणारा वाटा, माफ करण्याची लालूच तर टेक्सासमध्ये २०१९ पासून बेकायदा आहे. गारेचा खरा मार असेल, तर तिथली कच दबून जागा बोटाला मऊ लागते, आणि जवळच्या पत्र्याच्या व्हेंटवर, पन्हळीवरही पोचे पडलेले असतात. पत्रा कोरा आणि फक्त शिंगलवर डाग, असं दिसलं की त्याला चहा पाजून परत पाठवावं.

बदलायचं पक्कं झालं, तर किमान तीन कंत्राटदारांकडून लेखी दर घ्या आणि त्यात एक ओळ जरूर शोधा. जुनं उपसल्यावर खाली कुजलेलं प्लायवूड निघालं, तर दर शीटला किती डॉलर? ती ओळ नसेल, तर तो आकडा छप्पर उघडं पडल्यावर, ढग भरून आलेले असताना ठरतो.