परसबागेत पपई लावावी की पेरू?

परसात थोडीच जागा असल्यास पपई लावावी की पेरू, असा प्रश्न शेतकरी बंधू वारंवार विचारतात. त्याचे उत्तर जागेवर व पाण्यावर अवलंबून आहे.

पपई लवकर फळते. लावणीनंतर सुमारे १० महिन्यांत फळे मिळू लागतात. परंतु ३-४ वर्षांत झाड उतरणीस लागते. तिला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. एक-दोन दिवस पाणी तुंबले तरी बुंधा कुजून झाड कोलमडते. न्हाणीच्या चरात लावलेल्या पपया बहुधा अशाच जातात. म्हणून पपई उंचवट्यावर लावावी. साध्या जातींत नर व मादी झाडे निराळी असतात; यास्तव एका खड्ड्यात ३ रोपे लावून फुले आल्यावर एक मादी झाड राखावे आणि जवळपास एक नर झाड असू द्यावे.

पेरूच्या कलमास सुमारे तिसऱ्या वर्षी फळे धरतात. मात्र पुढे २५-३० वर्षे झाड उत्पन्न देते. हलकी जमीन व पाण्याची ओढ ते सोसते. पुण्याच्या गणेशखिंड येथे निवडलेली सरदार (लखनौ ४९) ही जात घ्यावी.

पपईत ‘अ’ जीवनसत्त्वास उपयोगी पडणारे द्रव्य, तर पेरूत ‘क’ जीवनसत्त्व विपुल असते. मुलांच्या आहारात दोन्ही हवीत. तेव्हा शक्य तेथे दोन्ही झाडे एकाच वर्षी, परस्परांपासून २ ते ३ मीटर अंतरावर लावावीत. पपई संपेल तोवर पेरू फळास आलेला असेल. ग्रामसेवकांनी रोपे देण्यापूर्वी घराचे सांडपाणी कोठे मुरते, हे स्वतः अवश्य पाहावे.